लिओन्टीन प्राइस : मेटचे दार आणि दासीच्या भूमिकेला दिलेला नकार #थ्रेड

१/ २७ जानेवारी १९६१. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात व्हर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’चा पडदा पडला आणि प्रेक्षक जागचे हलेनात. टाळ्या चाळीस मिनिटांहून अधिक काळ चालल्या असे सांगतात. ‘बेचाळीस मिनिटे’ हा आकडा तर आता दंतकथेसारखा रूढ झाला आहे. नायिका लिओनोराच्या भूमिकेत होत्या मिसिसिपीतील एका लाकूड-कारखान्यातल्या कामगाराच्या कन्या, लिओन्टीन प्राइस. वय ३३.

२/ ही रात्र आज बहुधा एका ठरावीक वाक्यासह सांगितली जाते : ‘मेटमध्ये गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण ते चुकीचे आहे. आणि ही चूक केवळ तपशिलाची नाही. त्या एका वाक्यामुळे प्राइस यांच्या आधीची माणसे पुसली जातात आणि स्वतः प्राइस यांनी काय केले तेही झाकले जाते.

३/ आधी क्रम नीट लावू. मेटच्या रंगमंचावर पहिल्या कृष्णवर्णीय एकल गायिका म्हणून उभ्या राहिल्या मॅरियन अँडरसन, ७ जानेवारी १९५५ रोजी. त्याच महिन्यात २७ तारखेला रॉबर्ट मॅकफेरिन आले. १९५६ मध्ये मॅटिविल्डा डॉब्स यांनी ‘रिगोलेत्तो’तील गिल्डा गायली. १९५८ मध्ये ग्लोरिया डेव्ही यांनी ‘आईदा’ गायली. प्राइस यांचे पदार्पण यानंतरचे आहे. मॅकफेरिन यांच्या पदार्पणाला त्या रात्री बरोबर सहा वर्षे झाली होती.

४/ आता या मंडळींना कोणत्या भूमिका मिळाल्या ते पाहण्यासारखे आहे. अँडरसन यांना मिळाली उल्रिका, म्हणजे भविष्य सांगणारी चेटकीण. मॅकफेरिन यांना आमोनास्रो, म्हणजे युद्धात पकडलेला इथिओपियाचा राजा. डेव्ही यांना आईदा, त्याच राजाची इजिप्तमध्ये दासी झालेली मुलगी. यात डॉब्स यांची गिल्डा हाच काय तो अपवाद. दार उघडले होते खरे, पण आत येणाऱ्याने कोणत्या वेशात यावे हे बहुतेक वेळा दारावरचा माणूस ठरवत होता.

५/ अँडरसन यांच्याबाबत तर आणखी एक गोष्ट बोचते. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना वर्णामुळे गाऊ दिले नाही, तेव्हा लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या गायल्या आणि ऐकायला पाऊण लाख लोक जमले. मेटने त्यांना बोलावले ते त्यानंतर सोळा वर्षांनी. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि आवाजाचा ऐन बहर सरला होता.

६/ त्याहून मागे गेले तर सिसिएरेटा जोन्स. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठाचा सर्वांत उंच पट्टीचा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकारात जोन्स यांचे नाव अमेरिकेत दुमदुमत होते. १८९२ मध्ये त्या व्हाइट हाउसमध्ये गायल्या, त्याच वर्षी आज ‘कार्नेगी हॉल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सभागृहात गायल्या. लोक त्यांना आदेलिना पाती या युरोपीय गायिकेच्या नावावरून ‘ब्लॅक पाती’ म्हणत. त्यांना ते नाव आवडत नसे.

७/ जोन्स यांना एकाही मोठ्या ऑपेरागृहाने पूर्ण भूमिका दिली नाही. अखेर त्या स्वतःच्या फिरत्या मंडळीत गाऊ लागल्या. तिथे विनोदी नकला आणि नाच झाल्यानंतर शेवटच्या भागात ऑपेरातील निवडक प्रवेश सादर होत. १९३३ मध्ये त्यांचे हलाखीत निधन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात कॅटरिना जार्बोरो या कृष्णवर्णीय सोप्रानोने एका फिरत्या ऑपेरा कंपनीबरोबर नायिकेची भूमिका केली. भूमिका कोणती? आईदा.

८/ १९४६ मध्ये कॅमिला विल्यम्स यांनी न्यूयॉर्क सिटी ऑपेरात पुच्चिनीची ‘मादाम बटरफ्लाय’ गायली. मेटच्या नऊ वर्षे आधी, त्याच शहरात, हे घडले होते. ‘पहिली कोण’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या इमारतीबद्दल विचारले आहे यावर अवलंबून असते. आणि सर्वांत प्रतिष्ठित इमारत बहुधा सर्वांत उशिरा जागी झालेली असते.

९/ आता प्राइस. जन्म १० फेब्रुवारी १९२७, लॉरेल, मिसिसिपी. वडील जेम्स लाकूड-कारखान्यात कामाला, आई केट सुईण, चर्चच्या गायकवृंदात गाणारी. मुलगी पाच वर्षांची असताना आईवडिलांनी घरातला ग्रामोफोन मोडीत देऊन त्या बदल्यात पियानोचा पहिला हप्ता भरला. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा आई तिला जॅक्सन शहरी मॅरियन अँडरसन यांच्या मैफिलीला घेऊन गेली. कृष्णवर्णीय मुलांसाठी शिक्षिका किंवा परिचारिका यापलीकडची वाट नसलेल्या गावात, गाणे हा पूर्णवेळ व्यवसाय असू शकतो याचा पुरावा त्या मुलीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

१०/ प्राइस यांची मावशी लॉरेलमधील चिझम या सधन गोऱ्या कुटुंबाकडे कामाला होती. त्या घरातील एलिझाबेथ चिझम यांनी या मुलीच्या गाण्याला आणि पुढे शिक्षणालाही हात दिला. हा प्रसंग सांगताना अनेक लेखक भावुक होतात. मदत खरी होती आणि प्राइस यांनी ती आयुष्यभर मानली. पण ज्या समाजात गुणी मुलीच्या शिक्षणासाठी मावशीच्या मालकिणीची मर्जी लागते, त्या समाजाचे कौतुक करण्याचे कारण नाही.

११/ ओहायोतील विल्बरफोर्स येथे त्या संगीतशिक्षिका होण्यासाठी शिकल्या. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये प्रवेश मिळाला. खर्चासाठी गायक-अभिनेते पॉल रोबसन यांनी एक मदत-मैफल केली. ज्युलियार्डमध्ये त्यांना फ्लोरेन्स पेज किंबॉल या गुरू लाभल्या. आवाजाचे व्याज खर्च करावे, मुद्दलाला हात लावू नये, ही किंबॉल यांची शिकवण प्राइस पुढे वारंवार सांगत.

१२/ या शिकवणीचा अर्थ ऑपेराबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ऑपेरात ध्वनिक्षेपक नसतो. साठ-सत्तर वाद्यांचा मेळ समोर, त्यापलीकडे तीन-साडेतीन हजार माणसे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ते केवळ श्वासाच्या आणि घशाच्या बळावर. अवजड भूमिका लवकर घेतल्या, एका आठवड्यात फार वेळा गायले, तर आवाज झिजतो. आणि झिजलेला आवाज सहसा परत येत नाही. त्यामुळे गायिकेच्या कारकिर्दीत तिने काय गायले याइतकेच काय गायले नाही, यालाही महत्त्व असते.

१३/ १९५२ मध्ये गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मधील बेस ही भूमिका त्यांच्याकडे आली. अमेरिकेतील काही शहरांनंतर ही मंडळी व्हिएन्ना, बर्लिन, लंडन, पॅरिस अशी फिरली. दौऱ्याला अमेरिकी परराष्ट्र खात्याचा आधार होता. शीतयुद्ध ऐन भरात होते. कृष्णवर्णीय कलावंत युरोपात दाखवून आपल्या देशात सर्व ठीक आहे असे भासवण्याची सरकारला निकड होती. मिसिसिपीत ज्यांना गोऱ्यांच्या रांगेत बसता येत नव्हते, त्या परदेशात देशाचे भूषण म्हणून मिरवल्या जात होत्या.

१४/ बेसमध्ये प्राइस यांना यश भरपूर होते आणि तिथेच त्या आयुष्यभर राहू शकल्या असत्या. कृष्णवर्णीय गायिकेने कृष्णवर्णीय पात्र गावे, यात कोणालाच काही खटकत नव्हते. १९५४ मध्ये त्यांनी ती मंडळी सोडली आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्वतंत्र मैफल केली. चालते काम सोडण्याचा हा पहिला निर्णय. त्याची नोंद चरित्रलेखांत एखाद्या ओळीत उरकली जाते.

१५/ जानेवारी १९५५ मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पुच्चिनीची ‘तोस्का’ सादर केली. तोस्का ही रोममधील नामांकित गायिका. तिचा प्रियकर चित्रकार. प्राइस तोस्का झाल्या आणि समोर गोरा नायक होता. दक्षिणेकडील अनेक स्थानिक केंद्रांनी हा कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला. एका दासीच्या भूमिकेवर एवढा गहजब झाला असता का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

१६/ त्या प्रयोगाचे संगीतप्रमुख पीटर हर्मन ॲडलर. त्यांचे नाव लक्षात असू द्यावे, कारण पुढच्या प्रसंगात ते पुन्हा येतात.

१७/ १९५७ : सॅन फ्रान्सिस्को ऑपेरात पुलँकच्या नव्या संगीतिकेत मठाच्या प्रमुख साध्वीची भूमिका. काही आठवड्यांत तिथेच आंतोनिएत्ता स्तेला ही इटालियन गायिका आजारी पडली आणि प्राइस ऐनवेळी आईदा म्हणून उभ्या राहिल्या. १९५८ : हर्बर्ट फॉन कारायान यांच्या निमंत्रणावरून व्हिएन्नात आईदा. त्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आईदा. १९६० : मिलानच्या ला स्कालात आईदा.

१८/ म्हणजे आईदाबद्दल त्यांच्या मनात अढी मुळीच नव्हती. त्या भूमिकेत आपली त्वचा हाच आपला वेष असतो, अशा आशयाचे त्या पुढे अभिमानाने बोलत. मग मेटचे सरव्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना आईदाचे प्रयोग देऊ केले, तेव्हा त्यांनी नकार का दिला?

१९/ सल्ला ॲडलर यांचा होता. त्याचा आशय असा : या मुलीने मेटमध्ये प्रथम पाऊल टाकावे ते मानाची स्त्री म्हणून, दासी म्हणून नव्हे. युरोपात आईदा ही केवळ एक मोठी भूमिका होती. न्यूयॉर्कमध्ये, मेटच्या त्या रांगेत (चेटकीण, बंदी राजा, दासी) तीच भूमिका कृष्णवर्णीय गायिकेची ठरलेली जागा होऊन बसली असती. भूमिका एकच, शहर बदलले की तिचा अर्थ बदलत होता.

२०/ मेटला नाही म्हणणे म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून एवढेच : अमेरिकन ऑपेरा गायकासाठी त्याहून वरची पायरी देशात नव्हती. तिशीच्या उंबरठ्यावरील गायिकेने, जिच्या आधीच्या पिढ्यांना त्या इमारतीत पाऊलही टाकता आले नव्हते, तिने ‘असे नाही’ म्हटले. पुन्हा बोलावणे येईलच याची हमी कोणी दिली नव्हती.

२१/ बोलावणे आले. १९५९ मध्ये इटलीतील व्हेरोना येथे बिंग यांनी प्राइस आणि फ्रँको कोरेली यांना ‘इल त्रोवातोरे’त ऐकले आणि दोघांनाही मेटसाठी करारबद्ध केले. आता देऊ केलेल्या भूमिका पाच होत्या. पहिली लिओनोरा, स्पेनच्या दरबारातील सरदारघराण्यातली स्त्री. बाकीच्यांत बटरफ्लाय होती, लियू होती, दोन्ना ॲना होती. आईदाही होती, पण आता ती पाचांतली एक होती. (कोरेली यांचेही पदार्पण त्याच रात्री झाले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांना फारसे खूश केले नसावे.)

२२/ २७ जानेवारी १९६१ ची रात्र या दृष्टीने पाहावी. मेटने दार उघडले आणि प्राइस आत आल्या, ही त्या घटनेची अर्धी बाजू. उरलेली अर्धी अशी की दार आधीच किलकिले झाले होते, प्राइस यांना एकदा बोलावणेही आले होते, आणि त्या बाहेर थांबल्या होत्या. ‘पहिली कृष्णवर्णीय’ या वाक्यात कर्ता नेहमी संस्था असते. गायिकेच्या वाट्याला केवळ कर्मणी प्रयोग येतो.

२३/ यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. नकार देणे हे ज्याच्यापाशी दुसरी सोय आहे त्यालाच परवडते. प्राइस यांच्या मागे व्हिएन्ना होते, लंडन होते, कारायान होते. जोन्स यांच्या मागे कोणीच नव्हते. अँडरसन यांनी उल्रिका नाकारली असती तर मेटचे दार आणखी किती वर्षे बंद राहिले असते कोण जाणे. डेव्ही यांनी आईदा गायली यात कमीपणा काहीच नाही. आक्षेप मान्यच करावा लागतो. प्राइस यांचा नकार या सर्वांच्या होकारांवर उभा होता. आणि बिंग यांनाही श्रेय द्यायला हवे : अँडरसन यांना मेटमध्ये आणण्याचे धैर्य त्यांच्या आधीच्या कोणत्याही व्यवस्थापकाने दाखवले नव्हते.

२४/ यशानंतरचे वर्ष मात्र कठीण गेले. ऑक्टोबर १९६१ मध्ये मेटच्या हंगामाचे उद्घाटन प्राइस यांच्या गायनाने झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका, आणि हे ‘पहिले’ अगदी खरे आहे. वादकांच्या वेतनवादामुळे हंगामच रद्द होण्याची वेळ आली होती. अध्यक्ष केनेडी यांनी मजूरमंत्री आर्थर गोल्डबर्ग यांना मध्यस्थीसाठी पाठवले. संगीतिका होती पुच्चिनीची ‘ला फान्चुल्ला देल वेस्ट’. तिची नायिका मिनी कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणीजवळ मद्यालय चालवते आणि वाद्यमेळाशी सतत झुंजते.

२५/ पुढच्याच एका प्रयोगात रंगमंचावर गातागाता त्यांचा आवाज बसत गेला. अंक कसाबसा, जवळजवळ बोलत, पुरा केला. शेवटच्या अंकासाठी डोरोथी कर्स्टन यांना उभे राहावे लागले. मुद्दलाला हात लागला होता. काही आठवड्यांनी त्या परतल्या, पण वर्षअखेरीस पुन्हा थकून विश्रांतीसाठी रोमला गेल्या. त्या हंगामानंतर त्यांनी मिनीला आपल्या यादीत जागा दिली नाही.

२६/ इथून पुढची पंचवीस वर्षे समजून घ्यायला हा प्रसंग किल्लीसारखा आहे. ‘कार्मेन’ त्यांनी कारायान यांच्यासोबत ध्वनिमुद्रित केली, रंगमंचावर कधीच केली नाही. ‘सालोमे’चा अंतिम प्रवेश ध्वनिमुद्रिकेत आहे, भूमिका घेतली नाही. ‘नॉर्मा’पासून त्या दूर राहिल्या. १९७० नंतर ऑपेराचे प्रयोग कमी करून त्या एकल मैफिलींकडे वळल्या. काही समीक्षकांना हा अतिसावधपणा वाटला, आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्या सालोमेची पूर्ण भूमिका ऐकायला न मिळणे हे ऑपेराचे नुकसानच.

२७/ १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. त्याच वर्षी मेटच्या दौऱ्यात अटलांटा येथे त्या दोन्ना ॲना गायल्या : दक्षिणेत, मेटच्या प्रमुख भूमिकेत, कृष्णवर्णीय गायिका. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’तील ॲना ही सेव्हिलच्या उच्चकुळातील स्त्री. भूमिकांची निवड पुन्हा पाहावी.

२८/ १६ सप्टेंबर १९६६ रोजी लिंकन सेंटरमधील मेटची नवी वास्तू उघडली. त्यासाठी सॅम्युएल बार्बर यांनी ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ रचली आणि क्लिओपात्राची भूमिका प्राइस यांचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. दोघांचे सख्य जुने होते. १९५३ मध्ये बार्बर यांची ‘हर्मिट साँग्ज’ प्राइस यांनीच प्रथम गायली, पियानोवर स्वतः बार्बर होते.

२९/ उद्घाटनाचा प्रयोग मात्र फसला. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्ली यांनी सैन्य, प्राणी आणि अवाढव्य नेपथ्य यांनी मंच भरून टाकला. नवा फिरता रंगमंच तालमीतच मोडला. एका तालमीत प्राइस पिरॅमिडमध्ये अडकून पडल्या. समीक्षकांनी संगीतिकेला झोडपले; गायिकेचे कौतुक केले. बार्बर या धक्क्यातून पुरते सावरले नाहीत. प्राइस यांनी क्लिओपात्राचे दोन प्रवेश पुढे मैफिलींत गात ठेवले, आणि ते संगीत आज टिकून आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

३०/ आणि मेटमधील निरोप. तारीख ३ जानेवारी १९८५, प्रक्षेपण देशभर दूरचित्रवाणीवर. वय ५७. आवाज खालच्या पट्टीत जड झाला होता, वरचे स्वर मात्र अजून झळाळत होते. तिसऱ्या अंकात नाईलकाठी मायभूमीची आठवण काढणारे गीत संपले तेव्हा टाळ्यांनी प्रयोग कित्येक मिनिटे थांबला. प्राइस भूमिका न सोडता स्तब्ध उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी होते. निरोपासाठी त्यांनी निवडलेली भूमिका आईदाची होती.

३१/ त्यांच्या मैफिली त्यानंतरही बारा वर्षे चालू होत्या. २००१ मध्ये, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी, ७४ वर्षांच्या प्राइस कार्नेगी हॉलमध्ये मृतांच्या स्मृतीसाठी निवृत्ती मोडून गायल्या.

३२/ १९९० मध्ये त्यांनी मुलांसाठी एक सचित्र पुस्तक लिहिले. विषय ‘आईदा’. त्यातली गोष्ट इजिप्तच्या राजवाड्यातील दासीपासून सुरू होत नाही. ती इथिओपियाच्या राजकन्येपासून सुरू होते.